शिलाईत न धरलेला शनिवार

घरगुती शिवणकामाचा सगळा आठवडा शनिवारच्या बाजारावर उभा असतो. सोमवार ते शुक्रवार मशीन चालतं, पण कुठला ब्लाउज दिलेल्या तारखेला तयार होणार आणि कुठला लटकणार, हे शनिवारी मुंबईहून काय हाती लागलं यावर ठरतं. बदलापूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी शिवते. अस्तराचे ब्लाउज, शिवलेल्या नऊवारी, फॉल-पिको आणि श्रावण लागला की गौरींच्या साड्या. गिऱ्हाईक साडी घेऊन येतं, माप देतं, गळ्याचं डिझाइन मोबाइलवर दाखवतं आणि विचारतं, "शिलाई किती?" मी आकडा सांगते. त्या आकड्यात कटिंग आलं, शिवण आली, हातशिलाई, हुक, इस्त्री सगळं आलं. शनिवार मात्र त्यात धरलेला नसतो. माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या कामातला सगळ्यात दमवणारा दिवस तोच, आणि त्याची नोंद कुणाच्याच वहीत नाही.

शनिवारच का, तर रविवारी मुंबईचे घाऊक कापडबाजार बंद असतात आणि लोकलचा मेगाब्लॉकही बहुधा रविवारीच असतो. मधल्या वारी जायचं तर मशीन बंद ठेवावं लागतं, आणि ऑफिसच्या गर्दीत मोठी पिशवी घेऊन डब्यात शिरणं म्हणजे आपलेही हाल आणि दुसऱ्यांचेही. शनिवारी हे घरी असतात, सासऱ्यांच्या औषधांची वेळ सांभाळतात, मुलीला क्लासला सोडतात. तेवढ्या एका दिवसात सगळं बसवायचं.

कुणी म्हणेल, मुंबईच कशाला? उल्हासनगरचं कापड मार्केट तर दोन स्टेशनांवर. रोजचं पांढरं, काळं, लाल, हिरवं अस्तर मी तिथूनच आणते. पण सणावाराच्या आणि लग्नाच्या साड्या आल्या की नुसता हिरवा चालत नाही. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून निघालेलं कोरं कापड रंगाईला जातं आणि रंगून, ताग्यांवर गुंडाळून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे येतं. भिवंडी माझ्या घरापासून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, पण मला हवं असतं एका रंगाचं एकच मीटर, आणि एका रंगाच्या पाच-सहा छटा फळीवर तयार ठेवणारा दुकानदार मुंबईत बसतो. म्हणून भिवंडीत विणलेलं कापड मुंबईला जातं आणि मी ते तिथून खांद्यावर टाकून परत आणते.

शुक्रवारी रात्री वही तयार होते. प्रत्येक ब्लाउजपीसच्या कडेचा बोटभर तुकडा कापून पानावर टाचणीने लावायचा. शेजारी गिऱ्हाइकाचं नाव, द्यायची तारीख आणि काय आणायचं ते: अस्तर एक मीटर, सोनेरी पायपिंग, मोत्याचं लटकन, बाहीला लेस. रंगांची नावं मी आपलीच लिहिते. आमसुली, पारवा, डाळिंबी, गुलबक्षी, श्रीखंडी, चिंतामणी. मोबाइलमधल्या फोटोवर मी रंग घेत नाही. फोटोत आमसुली विटकरी दिसतो आणि चिंतामणी साधा निळा होऊन बसतो. तुकडा हवाच. मग पिशव्या: एक रुंद पट्ट्याची मोठी, दोन घडीच्या कापडी, आणि पावसाळ्यात मोठं प्लॅस्टिक, कारण भिजलेलं अस्तर रंग सोडतं आणि एक तागा बिघडला की त्याच्या संगतीने बाकीचेही बिघडतात.

बदलापूर ते सीएसएमटी साधारण 68 किलोमीटर. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ते अंतर 34 किलोमीटरचं. माझा एका बाजूचा प्रवास त्याच्या दुप्पट, आणि गाडी फास्ट असली तरी दीड तास मोडतो. सकाळी बदलापूरहूनच सुटणारी गाडी धरली तर बसायला मिळतं. तो वेळ मी बाजाराचा क्रम लावण्यात घालवते. रंग जुळवायचं कापड आधी, कारण त्याला दिवसाचा उजेड लागतो आणि डोळे ताजे लागतात. लेस, लटकन, हुक नंतर. जड माल शेवटी. पण बाजार आपल्या क्रमाने वसलेला नाही. सगळ्यात बारकाईने बघायचं कापडही मुंबईच्या एका टोकाला आणि वजनदार सामानही तिथेच, आणि तिथून ते ओझं घेऊन दादर गाठायचं, कारण गौरींच्या साड्यांचं कापड हिंदमाताला बरं मिळतं. दिवस कसा जाणार हे त्या वाटेनेच ठरवलेलं असतं.

सीएसएमटीला उतरून सबवेतून बाहेर आलं की क्रॉफर्ड मार्केट दहा मिनिटांच्या चालीवर. 1869 मध्ये बांधून झालेल्या या मंडईला मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव होतं. आता ती महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे, पण पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी अजून क्रॉफर्ड मार्केटच येतं. पलीकडच्या गल्ल्यांत शिरलं की मंगलदास मार्केट आणि त्याला लागून 1874 पासूनचं मुळजी जेठा मार्केट. मुळजी जेठामध्ये मुख्यतः ताग्यांचा घाऊक व्यवहार. माझ्यासारखीला मंगलदास बरं, तिथे मीटरवर मिळतं. वर छप्पर, आत एकीला एक लागून गल्ल्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाद्या आणि गादीमागे भिंतभर अस्तराच्या घड्या, रंगाने लावलेल्या. दुकानदार "या बेन" म्हणून पाटावर बसायला सांगतो. दिवसभरात हक्काने बसायला मिळणारी ती पहिली जागा.

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी वहीत एका पैठणीचा तुकडा होता, धूपछावचा. ताणा निळा आणि बाणा गुलाबी. सरळ धरली की जांभळी, तिरकी केली की कडेने गुलाबी झळकते. अशा साडीला अस्तर कुठल्या रंगाचं घ्यायचं, हे पुस्तकात शिकवत नाहीत. दुकानदाराने जांभळ्याच्या चार छटा समोर टाकल्या. ट्यूबखाली तुकडा ठेवला तर चारांतल्या तीन जुळत होत्या. दुकानातल्या दिव्यावर मी निर्णय घेत नाही. दोन कापडांत रंगाची द्रव्यं वेगळी असली की एका उजेडात ती एकसारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी पडतात. तिन्ही घड्या उचलून मी गल्लीच्या तोंडाशी आले. पावसाळ्यातला ढगाळ उजेड रंग बघायला सगळ्यात चांगला. कडक उन्हात रंग उडाल्यासारखे दिसतात, ढगाळ उजेडात ते आहेत तसे समोर येतात. तिथे एक घडी लालसर निघाली, ती बाजूला केली. उरलेल्या दोघींत एक फिकी, एक गडद. अस्तर गळ्याच्या आणि बाहीच्या कडेला डोकावतं. फिकं असेल तर कडेने पांढरट रेघ उठते, गडद असेल तर ते सावलीत मुरतं. गडद घेतली. मग ओलं बोट घासून रंग लागतो का ते पाहिलं, आडवं ताणून सूत सरकतं का ते पाहिलं, आणि सुती अस्तर पाण्यात आटतं म्हणून मीटरवर चार बोटं जास्त मोजून घेतलं.

या एका मीटरला वेळ गेला तेवढ्यात मशीनवर साध्या ब्लाउजची कच्ची शिवण झाली असती. वहीत असे तुकडे बरेच असतात. शेवटच्या पानापर्यंत डोळे चुरचुरायला लागतात, आणि थकलेला डोळा लाल आणि तपकिरीत चुकतो हे मला माहीत आहे, म्हणून मी मध्ये थांबते, पाच मिनिटं काहीच बघत नाही, आणि मग पुढचं पान उघडते. शिवणकाम शिकवणाऱ्या क्लासात कटिंग शिकवतात, गळे शिकवतात, कटोरी शिकवतात. ब्लाउज अंगावर चढल्यावर साडीशी एकजीव दिसतो तो मात्र या गल्लीच्या तोंडाशी घेतलेल्या निर्णयामुळे.

तिथून भुलेश्वर. लेस, गोंडे, लटकन, दोऱ्या, बकरम, हुकांची पाकिटं. बटणं आणि हुक ग्रोसवर घेतले की स्वस्त पडतात, एका ग्रोसमध्ये 144. पाकीट हातात घेतलं तर काहीच वाटत नाही, पण लेसची रिळं, बकरमची गुंडाळी आणि दोऱ्याचे कोन पिशवीत गेले की रुंद पट्टाही खांद्यात रुततो. गल्ली अरुंद, वर छत्र्या, खाली चिखल, आणि मागून "बाजू, बाजू" असा पुकारा आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं. हातगाडी जाते, मागे डोक्यावर गाठोडं घेतलेला हमाल जातो.

या बाजारात ओझं वाहणं हे काम आहे, हे सगळ्यांना मान्य आहे. ते सहज मान्य झालं नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं, लढे झाले आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. माल उचलणाऱ्याची नोंद मंडळाकडे व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधीसारखी सोय त्याला लागू व्हावी, असं त्या कायद्याने ठरवलं. कायदा प्रत्येक हमालापर्यंत पोहोचला असं नाही, हे या गल्ल्यांत दिसतंच. आणि हमालाच्या डोक्यावरचं ओझं माझ्या खांद्यावरच्यापेक्षा कितीतरी जड, त्याची माझी बरोबरी नाही. पण त्या कायद्यामागचा विचार मला मनापासून पटतो. माल एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं हा मालाच्या किमतीचा भाग आहे, आणि तो नेणाऱ्याच्या मानेवर फुकट लादता येत नाही. दुकानदार गाठोड्यामागे हमाली देतो आणि ती आपल्या भावात धरतो. मी माझी हमाली माझ्या भावात धरत नव्हते.

दुपारी पोळीभाजीची गुंडाळी उभ्याने खाऊन होते. पाणी बेताने. ही गोष्ट बायका एकमेकींत बोलतात, लिहिली फारशी जात नाही. दिवसभर बाहेर असलेली बाई तहान मारते, कारण स्वच्छतागृह कुठे सापडेल, ते चालू असेल का, आणि आत जाता येईल का, याची खात्री नसते. 2011 पासून मुंबईत कार्यकर्त्या बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली ती याच कारणाने. बायकांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या असाव्यात, एवढी साधी मागणी. माझ्यासारखीच्या अडचणीला आणखी एक पदर आहे. हातात गिऱ्हाइकाचं कापड असतं. ओल्या फरशीवर पिशवी ठेवता येत नाही, दाराला खुंटी नसते, बाहेर ठेवून जाणं शक्य नाही. सोबतीला कुणी असेल तर एकीने पिशव्या सांभाळायच्या आणि दुसरीने जायचं. एकटीने गेलेल्या दिवशी मी बाटली अर्धी ठेवते आणि संध्याकाळी डोकं दुखायला लागलं की कारण मला माहीत असतं. एका खुंटीने आणि एका कोरड्या फळीने ही अडचण अर्धी सुटेल. ज्यांनी या जागा आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर पिशवीवाली बाई नव्हती, एवढंच मी म्हणू शकते.

क्रॉफर्ड मार्केटहून दादरकडे मी बेस्टने जाते. गाडीने जायचं तर पुन्हा सबवे, पुन्हा जिना, पुन्हा दादरचा पूल. पिशव्या असताना पायऱ्यांचा हिशोब किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा होतो. सरकते जिने झाले आहेत, त्यांचा मोठा आधार आहे, पण बहुतेक वर नेतात, आणि भरलेली पिशवी घेऊन खाली उतरताना पायाखालची पायरी दिसत नाही. बसला दोन पायऱ्या चढल्या की झालं. त्या दिवशी कंडक्टरने माझी पिशवी बघून स्वतःच जागा करून दिली, "ताई, ती इथे पुढे सरकवा, कुणाच्या पायात येणार नाही." बसभर कुणी कुरकुरलं नाही. दिवसाच्या मधोमध असं एखादं वाक्य मिळालं की पुढचा तास सोपा जातो.

भायखळा, लालबाग, परळ. मंडपांचे बांबू उभे राहत होते, गल्लीच्या तोंडाशी मूर्तींच्या कारखान्यांवर प्लॅस्टिक ओढलेलं होतं. या रस्त्यावरून जाताना मला सासरे आठवतात. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. चाळीतली खोली सोडून आमच्या घरचे बदलापूरला आले ते त्यानंतर. ज्या भागात त्यांनी कापड विणलं, त्याच भागातून आज मी कापड विकत घेऊन जाते. ते अजून माझी पिशवी उघडायला सांगतात, अस्तर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात आणि सूत कसं आहे ते सांगतात. त्यांचा शब्द माझ्यासाठी दुकानदाराच्या शब्दापेक्षा मोठा असतो.

हिंदमाताला उतरेपर्यंत पावसाने जोर धरला. या चौकात पाणी साचतं हे अवघ्या मुंबईला ठाऊक आहे. घोट्यापर्यंत पाणी, एका हातात छत्री, खांद्यावर पिशवी, दुसरी पिशवी छातीशी. गौरींच्या साड्यांना काठ-पदर ठसठशीत लागतो पण कापड मऊ, नाहीतर शिवलेल्या निऱ्या उभ्या राहतात आणि मूर्ती रुंद दिसते. हिरवी, लाल, पिवळी, आणि एकीने आवर्जून सांगितलेली अबोली. भाव करायला अंगात बळ उरलेलं नव्हतं तरी भाव केला, कारण इथे सोडलेला रुपया माझ्याच कमाईतून जातो. गौरी दारी येतील त्या दिवशी त्यांच्या अंगावर मी शिवलेली साडी असणार, हे मात्र मला मनातून फार आवडतं. त्या कापडाची निवड मी दमले म्हणून घाईत करत नाही.

दादरहून संध्याकाळी बदलापूर फास्टमध्ये पिशव्यांसह चढणं शक्य नसतं. म्हणून पाच रुपयांचं वेगळं तिकीट काढून उलट सीएसएमटीला जायचं आणि तीच गाडी रिटर्न धरायची. पुढे यायचं म्हणून आधी मागे जायचं, त्यात आणखी पाऊण तास. गाडी सीएसएमटीला लागली की उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या एकाच दारात येतात, आणि तरीही कुणीतरी माझी पिशवी हातोहात वर फळीवर पोहोचवतं. मग लेडीज डब्याचा तो ठरलेला व्यवहार सुरू होतो. उभी असलेली बसलेलीला विचारते, "तुम्ही कुठे?" "ठाणे." "मग मी." आणि एकदा हे बोलणं झालं की ती जागा तिची. मागून आलेली कितीही पुढे घुसली तरी तिला मिळत नाही. कुठे लिहिलेला नियम नाही, पण तो पाळला जातो.

त्या डब्यात नीट पाहिलं तर माल घेऊन निघालेली मी एकटी नसते. कुणी दादरहून फुलांचं पोतं घेतलेलं, उद्या सकाळी गजरे करून विकायला. कुणी भुलेश्वरहून बांगड्यांची खोकी. कुणी सुका मेवा, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आत्तापासून घेणारी. कुणी ट्यूशनच्या मुलांसाठी घाऊक वह्या. या सगळ्या आपापल्या धंद्याचा माल स्वतः वाहतात, कारण टेम्पो परवडेल एवढा माल नसतो आणि कुरियरला रंग जुळवता येत नाही. लगेजचा डबा आहे, पण त्यात पुरुष मालवाल्यांची गर्दी, संध्याकाळी एकट्या बाईने तिथे चढायचं धाडस होत नाही. लेडीज डब्यात आम्ही पिशव्या घेऊन येतो तर ऑफिसवरून उभ्याने निघालेल्या बायकांना पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि त्यांची कुरकुर खोटी नाही. माल असलेल्या बाईने नेमकं कुठे चढायचं, या प्रश्नाला डब्यांच्या रचनेत उत्तर नाही. गर्दी मोजताना माणसं मोजली जातात. त्यांच्या हातात काय आहे ते मोजलं जात नाही, आणि घराघरांतून चालणारे आमचे धंदे तर त्या हातांवरच चालतात.

ठाण्यानंतर श्वास घ्यायला जागा होते, कल्याणनंतर पाय हलवता येतात. बदलापूरला शेअर रिक्षात पिशवीची जागा धरून दोन सीटचे पैसे द्यावे लागतात. घरी पोहोचल्यावर बोटांवर पिशवीच्या बंदांचे वळ असतात आणि टाचा पाण्याने पांढऱ्या पडलेल्या असतात. पण अंग टाकता येत नाही. प्लॅस्टिक सोडून कापड वाऱ्यावर पसरायचं, वहीतल्या तुकड्यांशी पुन्हा एकदा लावून बघायचं, सुती अस्तरं बादलीत भिजत घालायची म्हणजे रविवारी वाळून सोमवारी कापायला तयार. मुलीने पाणी आणून दिलं. सासऱ्यांनी सूत पाहिलं, जांभळं अस्तर चांगलं म्हणाले, आणि मग घड्याळाकडे बघून विचारलं, "सकाळी किती वाजता निघालीस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आमची पाळी आठ तासांची होती. पाळीवर जास्त थांबलो की ओव्हरटाइम मागायचो, आणि मिळायचा. तुला कोण देतं?"

हा प्रश्न मी विसरू शकले नाही. गिरणीतल्या कामगाराचे तास भोंग्यावर मोजले गेले, हमालाचं ओझं कायद्याने काम ठरवलं. घरी बसून शिवणारीचा दिवस मात्र घरातच विरघळतो, आणि बाजारात गेलेला दिवस तर कामाचा आहे असं घरच्यांना, गिऱ्हाइकाला आणि तिला स्वतःलाही वाटत नाही. गिऱ्हाईक शिलाई कमी करायला सांगतं तेव्हा ते काही वाईट माणूस नसतं. त्याला मशीनचा वेळ दिसतो, गल्लीच्या तोंडाशी ढगाळ उजेडात धरलेल्या तीन घड्या दिसत नाहीत. आपण दाखवल्याशिवाय त्या दिसणारही नाहीत.

आता मी हिशोबाच्या वहीत शनिवारला स्वतंत्र पान दिलं आहे. तिकीट, बस, रिक्षा, जेवण, आणि माझी दिवसाची मजुरी. तो आकडा त्या आठवड्याच्या ब्लाउजवर वाटून पावतीवर वेगळा लिहिते, 'बाजार खर्च' म्हणून. काही गिऱ्हाइकं विचारतात. मी वही उघडून त्यांच्या साडीचा तुकडा आणि आणलेलं अस्तर शेजारी ठेवते आणि दिवस कसा गेला ते सांगते. एकदोघी गेल्या, बाकीच्या राहिल्या, आणि राहिलेल्यांपैकी काहीजणी आता साडी वेळेवर आणून देतात, म्हणजे एका फेरीत जास्त कामं बसतात.

दुसरी गोष्ट आम्ही मिळून केली. आमच्या भागात शिवणाऱ्या चौघी आहोत. भिशीसारखी पाळी लावली. दर शनिवारी दोघी जातात, चौघींच्या वह्या नेतात. एक पिशव्या सांभाळते, एक आत जाते, एक गल्लीत रंग बघते, दुसरी भाव करते. तहान मारावी लागत नाही. सुरुवातीला मला दुसरीच्या डोळ्यावर भरवसा ठेवणं जड गेलं. रंगाची नजर प्रत्येकीची वेगळी. म्हणून आम्ही चौघी एका दुपारी माझ्या खिडकीशी बसलो, साठलेले तुकडे पसरले आणि एकेक रंग बघून ठरवलं की डाळिंबी आपण कशाला म्हणायचं आणि पारवा कशाला, फिकं घ्यायचं केव्हा आणि गडद केव्हा. इतक्या वर्षांत हे ज्ञान कुणी कुणाशी बोललं नव्हतं. ते बोललं गेलं तेव्हा कळलं की आमच्यापैकी प्रत्येकीकडे दुसरीला न सुचलेलं काहीतरी आहे.

माझ्याकडे दोन मुली शिवण शिकायला येतात. त्यांना मी मशीनवर बसवायच्या आधी एका शनिवारी सोबत नेते. पिशवी त्यांच्या खांद्यावर देते, तुकडा हातात देते, गल्लीच्या तोंडाशी उभं करते आणि विचारते, "यातलं कुठलं?" त्या चुकल्या तर पुन्हा बघायला लावते. परतीच्या गाडीत दमून बसल्या की त्यांना सांगते, आज तुम्ही दिवसभर काम केलंत. पुढे स्वतःचं मशीन घ्याल आणि कुणी शिलाई विचारेल, तेव्हा हा दिवस त्यात धरूनच आकडा सांगा, आणि सांगताना आवाज खाली आणू नका.